वाचकांचे प्रश्न: यूजर सांगतो एक, करतो भलतंच

मागच्या अंकात मी एवढंच म्हटलं होतं की कुठलंही प्रॉडक्ट डिझाइन करताना ते जिथं वापरलं जाणारे तिथं जाऊन बसा, लोक काम कसं करतात ते बघा, त्यांना ऑफिसात बोलावून नुसतं विचारत बसू नका. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की ह्या वेळचं सदर त्यांनाच दिलंय. काही प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत, काही फार लांबले होते ते कापलेत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, आम्ही दुकानदारांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं अ‍ॅप बनवतो. सर्व्हे घेतला की सगळे म्हणतात छान आहे, सोपं आहे, स्टॉकचे रिपोर्ट तर फारच उपयोगी. आणि डेटा बघावा तर रिपोर्टचं पान कुणी उघडतच नाही. लोक तोंडावर खोटं बोलतात का?

उत्तर: नाही हो. खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं, आणि आपण रोज नेमकं काय करतो, का करतो हे बहुतेकांना धड माहीतच नसतं. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९७७ सालचा एक पेपर आहे, त्यातला एक प्रयोग तुमच्या टीमला जरूर सांगा. त्यांनी दुकानात टेबलावर नायलॉनच्या स्टॉकिंग्जच्या चार जोड्या ओळीनं मांडल्या आणि आल्यागेल्याला विचारलं, ह्यातली सगळ्यात चांगली कुठली? चारही जोड्या अगदी एकसारख्या होत्या, फक्त लोकांना ते सांगितलेलं नव्हतं. तर सगळ्यात डावीकडची जोडी जितक्यांनी निवडली त्याच्या तिपटीहून जास्त लोकांनी सगळ्यात उजवीकडची निवडली. का निवडली म्हणून विचारलं तर कारणं मिळाली, पण जोडी कुठं ठेवली होती ह्याचा उल्लेख एकानंही केला नाही, आणि जागेमुळे निवडलीत का असं सरळ विचारलं तेव्हा जवळजवळ सगळे नाही म्हणाले, वर विचारणाऱ्याकडे असं बघितलं की हा वेडाबिडा आहे का.

तुमच्या सर्व्हेत हेच होतंय. रिपोर्ट उपयोगी आहेत का असं विचारलं की दुकानदाराच्या डोळ्यासमोर आदर्श दुकानदार येतो, जो रोज रात्री शांतपणे रिपोर्ट बघतो, आणि त्याच्या वतीनं तो हो म्हणतो. शिवाय तुम्ही समोर बसून आपलंच अ‍ॅप कसं आहे विचारताय, माणूस भिडेखातर छानच म्हणणार. आता गर्दीच्या वेळी काउंटरच्या आत एक स्टूल मागून घ्या आणि बसा. फोन मान आणि खांद्यात धरलाय, एका हातात वस्तू, दुसऱ्या हातानं सुटे मोजणं चाललंय, समोर तीन गिऱ्हाइकं, आणि तुमचा फॉर्म विचारतोय कॅटेगरी निवडा. तो काय करेल? जवळच्या वहीत दोन शब्द खरडेल, एंट्री नंतर, झाली तर झाली. ती वही मागून बघा. अ‍ॅपमधे जागा नाही असं जे जे त्याला रोज लागतं ते सगळं त्या वहीत आहे, कुणाचे पैसे यायचेत, काय संपत आलंय, कुठल्या सप्लायरनं खराब माल दिला, त्यानं शॉर्टहँडसाठी केलेल्या खुणासुद्धा. मला विचाराल तर ती वही म्हणजे तुमच्या पुढच्या व्हर्जनचा अर्धा स्पेक, म्हणजे काय काय बनवायचं त्याचा आराखडा आहे, आणि तो कुणीतरी आयता लिहून ठेवलाय.

प्रश्न: मी डिझाइनची विद्यार्थिनी आहे. प्रोजेक्टसाठी फील्डवर जायचंय. फक्त कोपऱ्यात बसून बघायचं की मधे मधे विचारायचं? आणि काय विचारायचं? मला फार अवघडल्यासारखं होतं.

उत्तर: अवघडणं चांगलंय, ज्यांना अवघडत नाही ते जास्त बडबड करतात. ह्यावर एक जुनी आणि टिकलेली पद्धत आहे, कॉन्टेक्स्च्युअल इन्क्वायरी म्हणतात तिला, १९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी कॅरन होल्ट्झब्लॅट ह्यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधे असताना सुरू केलेली, पुढे ह्यू बायर ह्यांच्याबरोबर वाढवलेली. त्यात नातं मुलाखतीचं नसतं, तर उस्ताद आणि शिकाऊचं असतं. समोरचा माणूस उस्ताद, त्याचं काम चालू राहतं, तुम्ही शिकायला बसलायत, आणि शिकाऊ जसं कळलं नाही की विचारतो तसं विचारायचं. एक्स्पर्ट तुम्ही नाही, हे एकदा स्वतःला पटलं की अवघडलेपण निम्मं कमी होतं.

विचारायचं ते घडलेल्या गोष्टीबद्दल. “तुम्ही सहसा कसं करता?” हा वाईट प्रश्न, कारण त्याला उत्तर येतं ते नियमावलीतलं. “मगाशी तुम्ही ते बंद करून परत उघडलंत, ते कशासाठी?” हा चांगला. “शेवटचं जे बनवलंत ते दाखवाल का?” हाही चांगला. “असं फीचर दिलं तर वापराल का?” हे तर विचारूच नका, सगळे हो म्हणतात आणि त्या होला काही अर्थ नसतो. तुम्हाला जे वाटलं ते त्यांना बोलून दाखवा, म्हणजे “गर्दी असताना तुम्ही हा टप्पा गाळता असं दिसतंय, बरोबर आहे का?” चूक असेल तर ते लगेच सुधारतील, लोकांना दुसऱ्याला सुधारायला फार आवडतं आणि त्यातूनच खरी माहिती बाहेर पडते.

एक मात्र जड जातं. तो अडकला की त्याला मदत करायची नाही. बटण तिथं कोपऱ्यात आहे हे तुम्हाला दिसतंय, त्याला दिसत नाहीये, जीभ शिवशिवते, गप्प बसायचं. मदत मागितलीच तर आधी “मी इथं नसते तर काय केलं असतंत?” असं विचारायचं आणि काम खोळंबत असेल तर मग सांगून टाकायचं, उगाच छळ नको. नोट्स काढताना पानाच्या मधे उभी रेघ मारा, डावीकडे दिसलं ते, उजवीकडे तुम्हाला वाटलं ते. “तो वैतागला” हे उजवीकडे. “त्यानं तीनदा तेच बटण दाबलं, मग फोन उपडा ठेवला” हे डावीकडे. आणि नोट्स त्याच दिवशी नीट लिहा, उद्या त्यातलं निम्मं तुमच्याच मनाचं झालेलं असतं.

प्रश्न: मीच माझ्या अ‍ॅपचा यूजर आहे, रोज वापरतो. मग दुसऱ्यांना कशाला बघायचं?

उत्तर: कारण तुम्हाला बटण कुठं आहे ते आधीच माहितीये. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ल्यूसी सचमन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कंपनीच्याच कॉपी मशीनवर लोक काम करताना त्यांचे व्हिडिओ घेतले. जाहिरातीच्या हिशोबानं ते मशीन म्हणजे हिरवं बटण दाबलं की झालं. व्हिडिओत कंप्यूटर सायन्समधली नावाजलेली दोन माणसं दोन्ही बाजूंनी कॉपी काढायला धडपडताना दिसतात. मशीन बनवणाऱ्यांना वाटत होतं की स्क्रीनवरच्या सूचना स्पष्ट आहेत, आणि होत्याही, बनवणाऱ्यांना. मशीनला माणूस काय करतोय ह्यातलं फारच थोडं कळतं, कुठलं बटण दाबलं, कुठलं झाकण उघडलं एवढंच, आणि तेवढ्यावरून ते पुढची सूचना देतं, माणूस मात्र तीच सूचना आपल्या मनातल्या गोंधळाचं उत्तर समजून वाचतो. हे बाजूला बसून बघणाऱ्यालाच दिसतं, मशीनच्या आत बसलेल्याला नाही. आणि तुम्ही तुमच्या अ‍ॅपच्या आतच बसलायत.

प्रश्न: आमचे प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतात की आपण शेजारी जाऊन बसलो की लोक नाटक करतात, हॉथॉर्न इफेक्ट की काय तो, मग बघून उपयोग काय?

उत्तर: हॉथॉर्न हे शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्याचं नाव. १९२४ पासून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथं प्रयोग चालले, प्रकाश कमीजास्त करून, विश्रांतीच्या वेळा बदलून कामगारांचं उत्पादन मोजायचे, आणि त्यातून पुढे असं सांगितलं जाऊ लागलं की काहीही बदललं तरी उत्पादन वाढतंच, कारण आपल्याकडे कुणीतरी बघतंय हे कामगारांना माहीत असतं. नंतर लोकांनी तो जुना डेटा परत तपासला तर गोष्ट सांगतात तितकी पक्की निघाली नाही. पण तुमच्या साहेबांचं अगदीच चूक नाही. पहिला थोडा वेळ नाटक असतंच, माणूस टेबल आवरतो, पासवर्डची चिठ्ठी ड्रॉवरमधे सरकवतो, सगळं नियमानुसार करतो. मग फोन वाजतो, कुणीतरी ओरडतं, काम तुंबतं आणि नाटक करायला फुरसत उरत नाही. म्हणून निवांत वेळेला जाऊ नका, कामाच्या धबडग्यात जा, आणि लवकर निघू नका.

दुसरं म्हणजे वस्तू नाटक करत नाहीत. कीबोर्डवरची कुठली अक्षरं झिजलीत, मॅन्युअल अजून प्लॅस्टिकमधेच आहे का, मशीनवर मार्करनं काय लिहिलंय, कुठल्या बटणावर टेप मारलीये, हे सगळं तुम्ही यायच्या कितीतरी आधी झालेलं असतं.

पण नाटकाचं खरं कारण बहुतेक वेळा भीती असते हे साहेबांना सांगा. तुम्हाला त्यांच्या वरिष्ठानं आणून बसवलंय, हातात वही आहे, म्हणजे हे आपली तपासणीच करायला आलेत असं कुणालाही वाटेल. त्यामुळे वरिष्ठ तिथं थांबणार नाही हे आधी ठरवून घ्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही काय चुकता ते बघायला आलो नाही, आमचं प्रॉडक्ट कुठं चुकतंय ते बघायला आलोय, आणि कोणी काय केलं हे नावानिशी कुणालाही सांगणार नाही. आणि मग खरंच सांगू नका, जेवताना गप्पांच्या ओघातसुद्धा. एकदा ते फुटलं की त्या जागी तुम्हाला पुढे फक्त नाटकच बघायला मिळेल.

प्रश्न: मी हॉस्पिटलमधे नर्स आहे. नव्या सॉफ्टवेअरची माणसं आली, आमच्या वॉर्डात उभी राहिली, फोटो काढले, औषधं देताना आम्ही “सिस्टिम बायपास करतो” असं लिहून नेलं आणि गेली. आम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. आता वरून नोटीस आलीये की बायपास बंद. ह्याला यूजर रिसर्च म्हणतात का?

उत्तर: नाही सिस्टर, ह्याला चहाडी म्हणतात.

तुमच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते कारण बाकीच्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं. औषध देताना आधी पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड आणि औषधाचा बारकोड स्कॅन करायचा, जुळलं तरच द्यायचं, ही सिस्टिम चुका कमी व्हाव्यात म्हणूनच आलीये आणि कल्पना उत्तम आहे. २००८ साली रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांनी अमेरिकेतल्या पाच हॉस्पिटलांमधे ही सिस्टिम प्रत्यक्षात कशी वापरली जाते ते बघितलं. नर्सेस तिला वळसा घालतात असे १५ प्रकार सापडले. पेशंटच्या बारकोडच्या जादा प्रती काढून त्या ट्रॉलीला, दाराच्या चौकटीला चिकटवलेल्या, कुणी कमरेच्या पट्ट्याच्या कडीला अडकवलेल्या. हे धोक्याचं आहे ह्यात शंका नाही, चुकीच्या पेशंटला चुकीचं औषध जाऊ शकतं. पण अभ्यास करणारे तिथं थांबले नाहीत, प्रत्येक वळशामागे काय आहे ते शोधलं आणि ३१ कारणं काढली. मनगटाची पट्टी भिजलेली, चावलेली, नाहीतर हातात नाहीच. औषधाचं लेबल चुरगळलेलं, किंवा त्याच्यावर दुसरं लेबल चिकटवलेलं. स्कॅनर बिघडलेला. बॅटरी संपत आलेली. वायरलेसचा भरवसा नाही. आणि मधेच इमर्जन्सी. ह्यातलं आळशीपणा असं लेबल लावण्यासारखं किती आहे तुम्हीच बघा.

वळसा दिसला की तो बंद करायची घाई करणारा माणूस अर्धंच बघून आलेला असतो असं माझं ठाम मत आहे. वळसा घातला म्हणजे काम अडलं होतं आणि कुणीतरी ते पुढे ढकललं. त्याचं कारण तसंच ठेवून फक्त वळसा बंद केला तर काम पुन्हा अडेल, आणि दुसरा वळसा निघेल, जास्त लपवलेला. तुमच्याकडे आलेल्या लोकांनी एक तरी सिस्टरला “हे असं का करावं लागतं?” विचारलं असतं तर नोटिशीऐवजी कदाचित चांगले स्कॅनर आले असते.

आणि फोटोंचं. वॉर्डात पेशंट असतात, त्यांची नावं बोर्डावर, स्क्रीनवर असतात. तुमची परवानगी घेतली म्हणजे पेशंटची घेतली असं होत नाही, आणि हॉस्पिटलच्या मॅनेजमेंटनं हो म्हटलं म्हणजे तुम्ही हो म्हटलं असंही नाही. बघणाऱ्यानं प्रत्येकाला वेगळं विचारायला हवं आणि “आत्ता नको” म्हणायची सोय ठेवायला हवी, कुणाला ड्रेसिंग करताना, कुणाला नातेवाइकांशी बोलताना बघितलेलं नको असतं. पुढच्या वेळी असं कुणी आलं तर तुम्हीच सांगा की जे लिहिलंय ते नेण्याआधी आम्हाला वाचून दाखवा. चांगले लोक असतील तर त्यांना आनंद होईल, कारण त्यांचं चुकलेलं तिथंच दुरुस्त होईल.

प्रश्न: किती लोकांना बघितलं की पुरे? पाच असं वाचलंय.

उत्तर: ते पाच जेकब नील्सन ह्यांचं, आणि ते युजेबिलिटी टेस्टसाठी आहे, म्हणजे एक ठरलेलं डिझाइन समोर ठेवून त्यातल्या अडचणी शोधणं, तेही एकाच प्रकारचे यूजर असतील तर. फील्डवर मी आकडा धरत नाही. प्रत्येक प्रकारच्या यूजरमधे काही जण बघा, नवशिका, मुरलेला, नाइलाजानं वापरणारा, आणि नवीन काही दिसेनासं झालं की थांबा. फक्त एवढ्यांवरून “साठ टक्के लोक असं करतात” असं स्लाइडवर लिहू नका. बघण्यातून काय आणि का ते कळतं, किती ते कळायला डेटा आहे, सर्व्हेसुद्धा तिथं उपयोगी पडतो, मी त्याच्या विरोधात नाहीये.

प्रश्न: जायला वेळ आणि बजेट दोन्ही नाही, व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून चालेल का?

उत्तर: काहीच न बघण्यापेक्षा चालेल. पण कॉलवर माणूस शांत खोलीत, चांगल्या नेटवर, एकटा बसतो, आणि तुमच्या प्रॉडक्टची गंमत तर उन्हात, अंगठ्यानं, कुणीतरी मधे बोलत असताना असते. कॅमेरा थोडा वेळ फिरवून टेबल दाखवा म्हणावं, भिंत दाखवा म्हणावं, तिथं चिठ्ठ्या लावलेल्या असतात.

प्रश्न: आम्ही सगळं केलं, गेलो, बसलो, ढीगभर नोट्स आणल्या. आता टीम म्हणते ह्यातून फीचर कुठलं बनवायचं ते सांगा. आणि साहेब म्हणतात ही दोन-चार लोकांची गोष्ट आहे.

उत्तर: आधी फीचरचं. बघून आल्यावर दर वेळी काहीतरी नवीन बांधायचंच असतं असं नाही. १९४३ मधे अल्फोन्स चपानिस ह्या मानसशास्त्रज्ञाला अमेरिकन लष्करानं एक कोडं दिलं होतं. बी-१७ बॉम्बरचे पायलट उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटायच्या ऐवजी चुकून चाकंच मिटत होते आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसायचं. तोपर्यंत ती सगळी पायलटची चूक धरली जायची. चपानिसनी कॉकपिट बघितलं तर दोन्हींची बटणं शेजारी शेजारी आणि दिसायला सारखी. दुसऱ्या जातीच्या विमानांत ती वेगळी होती आणि तिथं ही चूक होत नव्हती. त्यांनी सुचवलं काय तर चाकाच्या बटणाला चाकाच्या आकाराची छोटी रबरी मूठ आणि फ्लॅपच्याला पाचरीसारखी, म्हणजे न बघता हाताला कळेल. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या लिव्हरची मूठ चाकासारखीच असते, नियमच आहे तसा. तेव्हा तुमच्या नोट्समधे आधी अशा जागा शोधा जिथं एखादी गोष्ट वेगळी केली, हलवली किंवा काढून टाकली तरी भागेल. चिकटचिठ्ठ्यांवर एकेक निरीक्षण लिहून भिंतीवर लावा, एकत्र जमणाऱ्या एकत्र करा, पण गटांना नावं शेवटी द्या. आधीच “ऑनबोर्डिंग”, “पेमेंट” असे कप्पे केलेत की जे तुम्हाला आधीपासून माहीत होतं तेच परत मिळेल.

कुठल्याच गटात न बसणारी चिठ्ठी फेकू नका. इंट्यूट कंपनीची गोष्ट ह्यासाठी ऐकण्यासारखी आहे. १९८३ मधे सुरू झालेली ही कंपनी, तिचं क्विकन हे घरखर्चाचं सॉफ्टवेअर. त्यांचे लोक दुकानात थांबायचे, कुणी क्विकन विकत घेतलं की विचारायचे, तुमच्याबरोबर घरी येऊ का, आणि पाकीट फोडण्यापासून सगळं बघायचे. त्यांच्या पाहणीत येत होतं की कित्येक ग्राहक हे ऑफिसात वापरतात. घरखर्चाचं सॉफ्टवेअर ऑफिसात कशाला कोण वापरेल म्हणून तिकडे बराच काळ दुर्लक्ष झालं. शेवटी लक्ष दिलं तेव्हा कळलं की छोटे धंदेवाले त्यावर हिशेब ठेवतायत, कारण अकाउंटिंगची सॉफ्टवेअर अकाउंटंटसाठी बनवलेली आणि ह्यांना डेबिट-क्रेडिटच्या नादी लागायचंच नव्हतं. १९९२ मधे त्यांच्यासाठी क्विकबुक्स आलं आणि पुढे तोच कंपनीचा मोठा धंदा झाला.

आता साहेब. दोन-चार लोकांची गोष्ट आहे असं ते म्हणतात तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका, आणि अजून मोठं प्रेझेंटेशन तर नकोच. त्यांना एकदा बरोबर न्या. पुढच्या भेटीच्या वेळी त्यांचं कॅलेंडर धरा, यूजरला आधी सांगून ठेवा की अजून एक जण येतोय, पद सांगायची गरज नाही. अटी दोनच, लॅपटॉप उघडायचा नाही आणि यूजर अडकला तरी तोंड उघडायचं नाही. दुसरी पाळताना त्यांची जी चुळबुळ होईल ती तुमच्या नोट्सच्या डाव्या बाजूला लिहून ठेवा.